साडेतीन ग्रॅम मिठाची गोष्ट

बारावीच्या केमिस्ट्रीत एक गणित ठरलेलं असायचं: द्रावणाची टक्केवारी काढा. मी सूत्र पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरून गेलो. आजची गोष्ट त्याच गणिताची आहे, फक्त परीक्षेबाहेरची.

साल १९७१. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळ बनगावला कॉलरा पसरला. कॉलऱ्यात जुलाबावाटे शरीरातलं पाणी आणि क्षार इतक्या वेगाने जातात की माणूस काही तासांत दगावू शकतो. तेव्हाचा नेहमीचा उपाय म्हणजे सलाईन. आणि सलाईनच संपत आलं!

तिथे होते डॉ. दिलीप महालनबीस. त्यांनी ठरवलं, शिरेतून जमत नाही तर तोंडाने देऊ. यामागचं शास्त्र तेव्हा माहीत होतं: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणीही आत जातं. मग कोलकात्यात पावडरी मोजून पाकिटं भरली गेली. प्रमाण होतं १ लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा.

आता आपलं गणित करू. टक्केवारी म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम. १००० मिलिलिटरमध्ये ३.५ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० मध्ये ०.३५. झालं ०.३५ टक्के. ग्लुकोज २.२ टक्के.

पण आतडं ग्रॅम मोजत नाही, कण मोजतं. म्हणून मोलमध्ये जाऊ. मिठाचं मोलर वस्तुमान ५८.५. ३.५ भागिले ५८.५, म्हणजे साधारण ०.०६ मोल, अर्थात ६० मिलिमोल. सोड्याचं ८४, त्यातून आले ३० मिलिमोल. दोन्हींत सोडियम आहे, म्हणून एकूण लिटरमागे ९० मिलिमोल सोडियम.

हे द्रावण पाजायला नातेवाईकच पुढे आले. आधी सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर महालनबीस यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आला. तेच आपलं ओआरएस! पुढे २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोडियम ९० वरून ७५ मिलिमोलवर आणलं.

आता तुमच्या घरातलं पाकीट बघा. काही पाकिटं १ लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची. लिटरचं पाकीट एका ग्लासात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये ओतलं तर? पाणी पाचपट कमी, म्हणून सोडियम ७५ गुणिले ५, ३७५ मिलिमोल! एवढं खारट पाणी लहान बाळाला दिलं तर जिवावर बेतू शकतं.

महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. तुम्ही एवढंच करा: पाकीट फोडण्याआधी त्यावरचा पाण्याचा आकडा वाचा आणि पाणी मोजून घ्या. भेटू पुढच्या भागात!