ह्युमिडिफायर स्वच्छ कसा ठेवायचा? पाणी, काडी, डिस्क आणि नेहमीच्या अडचणी

यूएसबीवर चालणारा छोटा ह्युमिडिफायर आता हॉस्टेलच्या खोल्यांत आणि वर्क फ्रॉम होमच्या टेबलांवर सर्रास दिसतो. रात्रभर एसी लावून झोपलं की घसा कोरडा पडतो, पुण्या-नाशकात थंडीत ओठ फुटतात, म्हणून तो घेतला जातो. बॉक्समधल्या चिटुकल्या मॅन्युअलमध्ये स्वच्छतेबद्दल मात्र जेमतेम एखादी ओळ असते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. टाकीतल्या पाण्यात जे काही असेल, ते हे यंत्र हवेत सोडतं आणि आपण ते श्वासातून आत घेतो. म्हणजे ही साफसफाई यंत्रापेक्षा आपल्या फुप्फुसांसाठी जास्त आहे.

दिसते ती वाफ नसते

सर्दी झाली की आपण वाफारा घेतो. त्यात पाणी उकळतं. उकळताना जंतू मरतात, क्षार भांड्यात राहतात आणि वर येते ती फक्त वाफ.

छोट्या ह्युमिडिफायरमध्ये पाणी गरमच होत नाही. आत एक गोल चकती असते, तिला पीझो डिस्क म्हणतात. काही पदार्थांवर दाब दिला की वीज तयार होते, हे १८८० साली पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी दाखवलं. इथे त्याच्या उलट घडतं. विजेचा दाब दिला की डिस्क थरथरते. यूएसबीवाल्या मॉडेलमध्ये ती सेकंदाला साधारण एक लाखाहून जास्त वेळा कंप पावते आणि मधल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाण्याचे बारीक थेंब बाहेर फेकते. मोठ्या टाकीच्या मॉडेलमध्ये हा आकडा सुमारे १७ लाखांपर्यंत जातो.

म्हणजे बाहेर येतं ते धुकं, वाफ नव्हे. पाण्यातले क्षार, जंतू, साबणाचा अंश, सगळं त्या थेंबांवर बसून हवेत येतं.

पाणी कोणतं घालायचं?

समजा तुमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस ५०० आहे. म्हणजे एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. ३०० मिलीची टाकी रात्रभरात संपली, तर त्यातले १५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार खोलीत पसरू शकतात. लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणि टेबलावर सकाळी दिसणारी पांढरी धूळ ती हीच.

• डिस्टिल्ड वॉटर: सगळ्यात चांगलं. लेबल वाचूनच घ्या. बॅटरीच्या दुकानात तशाच दिसणाऱ्या कॅनमध्ये अ‍ॅसिडही मिळतं.
• आरओचं पाणी: रोजच्या वापराला परवडणारा पर्याय. क्षार बरेच कमी असतात, पण शून्य नसतात.
• उकळून गार केलेलं पाणी: जंतू मरतात, पण बरेचसे क्षार पाण्यातच राहतात.
• नळाचं किंवा बोअरचं थेट पाणी: शक्यतो टाळा.
• एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी: अजिबात नको. क्षार कमी असले तरी ते एसीच्या कॉइलवरची धूळ आणि बुरशी घेऊन येतं.

रोज काय करायचं? (दोन मिनिटं)

१. प्लग काढा.
२. उरलेलं पाणी ओतून द्या. कालच्या पाण्यात आजची भर घालू नका.
३. टाकी साध्या पाण्याने खळबळून घ्या आणि स्वच्छ कपड्याने पुसा.
४. वापर नसेल तेव्हा झाकण उघडं ठेवून कोरडी होऊ द्या.

साठलेल्या पाण्यात एक-दोन दिवसांतच टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरायला लागतो. तो जिवाणूंचा थर असतो. नुसतं पाणी बदलून तो जात नाही, हाताने घासावा लागतो.

दर तिसऱ्या दिवशी काय करायचं?

लागेल ते सगळं घरात सापडेल: पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व, मऊ ब्रश आणि इअरबड.

१. प्लग काढून टाकी आणि कापसाची काडी वेगळी करा.
२. व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घ्या. लिंबूसत्त्व वापरणार असाल तर २५० मिली कोमट पाण्यात एक छोटा चमचा.
३. हे मिश्रण टाकीत २०-३० मिनिटं ठेवा. क्षारांचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो आम्लात विरघळतो. बारीक बुडबुडे दिसले तर काम चालू आहे असं समजा.
४. कोपरे आणि झाकणाची खाच ब्रशने घासा.
५. व्हिनेगरचा वास जाईपर्यंत तीन-चार वेळा धुवा आणि पूर्ण वाळवा.

सर्किट आणि यूएसबी पोर्ट असलेला भाग नळाखाली धरू नका. तो ओलसर कपड्याने पुसला तरी पुरे.

डिस्क: इअरबड त्याच मिश्रणात बुडवून डिस्कवर अलगद फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि साध्या पाण्यात भिजवलेल्या इअरबडने पुसून घ्या. टाचणी किंवा सुरीचं टोक लावू नका. छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात. ती एकदा फाटली की धुक्याऐवजी पाणी थेंब-थेंब गळतं.

काडी: साध्या पाण्याखाली हलक्या हाताने दाबून धुवा. साधारण एक-दोन महिन्यांत बदला. पिवळी किंवा काळपट झाली, वास आला तर त्याआधीच फेका.

पाण्यात काय घालायचं नाही?

डेटॉल, फिनाइल, सॅनिटायझर, कपूर, यातलं काहीही नाही. “थोडंसं जंतुनाशक घातलं की रोज धुवायला नको” हा शॉर्टकट किती महाग पडू शकतो, हे दक्षिण कोरियात दिसलं. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायचं जंतुनाशक बाजारात खुलेआम विकलं जात होतं. २०११ मध्ये सोलमधल्या एका हॉस्पिटलात गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या काही बायका फुप्फुसांच्या अनाकलनीय आजाराने दाखल झाल्या. तपासात दुवा या जंतुनाशकाशी जुळला आणि त्याच वर्षी ती उत्पादनं बाजारातून काढून घ्यायला लावली गेली. सरकारने पीडित म्हणून मान्यता दिलेल्यांची संख्या पुढे काही हजारांवर गेली. मृतांमध्ये लहान मुलंही होती.

यातलं पीएचएमजी नावाचं रसायन त्वचेला फारसा त्रास देत नाही म्हणून सुरक्षित मानलं जात होतं. पण हाताला चालणारी वस्तू श्वासातून आत गेली तर चालेलच असं नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: जंतुनाशक वापरायचंच असेल तर फक्त धुताना, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढंच, आणि नंतर खळखळून धुवायचं.

सुगंधी तेलही फक्त त्यासाठी वेगळा कप्पा असेल तरच. तेलाने काडी चिकट होते, काही प्लास्टिकला तडे जातात.

आणि हे पाठच करा: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नेहमीच्या अडचणी

• लाइट लागतो, धुकं येत नाही: काडी कोरडी असेल. ती आधी नीट भिजवा. मग काडीचं टोक डिस्कला टेकतंय ना ते बघा. तरीही नसेल तर डिस्कवर क्षार साचलेत.
• धुकं हळूहळू कमी झालं: डिस्क साफ करा, काडी बदला.
• कुबट वास: पूर्ण धुवून वाळवा आणि नवी काडी घाला.
• टेबल ओलं होतं: यंत्र थोडं उंचावर आणि भिंत, लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्ड यांच्यापासून लांब ठेवा.

टाकी रिकामी असताना चालू ठेवू नका. कोरडी डिस्क गरम होऊन खराब होते.

मुळात गरज आहे का?

घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के असली की पुरे. सतत ६० टक्क्यांच्या वर गेली तर भिंतींवर बुरशी धरते. छोटं डिजिटल हायग्रोमीटर स्वस्तात मिळतं, ते आधी घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ह्युमिडिफायर लावणं म्हणजे भिजलेल्या माणसावर आणखी एक बादली ओतणं. सीझन संपला की सगळे भाग धुवून, खडखडीत वाळवून, काडी काढूनच बॉक्समध्ये ठेवा.

ह्युमिडिफायर लावल्यावर खोकला, शिंका किंवा छातीत घरघर वाढत असेल तर तो आधी बंद करा. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि घरात ह्युमिडिफायर वापरता हेही सांगा. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर विकत घ्यायच्या आधीच विचारलेलं बरं.

रोजची दोन मिनिटं आणि तिसऱ्या दिवशीचा अर्धा तास, एवढा वेळ निघणार नसेल तर तो न लावणंच चांगलं. कोरड्या घशावर पाण्याची बाटली आणि एसीचं तापमान दोन अंश वर, हे साधे उपाय आहेतच.