दारचं कुत्रं आणि पिलांची कोंबडी

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. सेनगाव-कळमनुरीकडच्या परसातली कोंबडी त्याहून कितीतरी जुनी, पण तिच्या राखणीचा इतिहास वाचायचा तो डालग्या-खुराड्यांवरून आणि म्हणींवरून. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण झाकणं हा घरोघरचा रोजचा व्यवहार असल्याशिवाय रुजली नसती. त्याच परसात कुत्रं मात्र मोकळं असे. खळ्याची, गोठ्याची राखण करणारं जनावर बांधून ठेवलं तर राखायचं कुणी? शिवाय त्याला घास घालणं पुण्याचं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांचं जन्मगाव म्हणून जी नर्सी मानली जाते, ती याच जिल्ह्यात.

मग मोकळ्या कुत्र्यापासून कोंबडी वाचवायचा प्रश्न डालग्यानेच सुटला, असं कुणी म्हणेल. ते पटत नाही. डालगं मुंगूस, रानमांजर आणि घारीसाठी. दिवसभर तर कोंबड्या उकिरड्यावर मोकळ्याच चरत. घरच्या कुत्र्याला वळण लावण्यात मोठा वाटा, माझ्या मते, पिलांच्या कोंबडीचा होता. पिलं घेऊन फिरणारी गावरान कोंबडी अंगावर धावून येते, चोच मारते, पंख फुलवून तोंडावर झेपावते. लहानपणीच हा प्रसाद मिळालेलं कुत्रं पुढे कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही. खरा धोका अर्धवट वाढलेल्या, खेळकर कुत्र्याचा. फडफडत पळणारी कोंबडी दिसली की त्याला पाठलागाशिवाय राहवत नाही. तरीही कुत्री कोंबड्या मारत होतीच, हा आक्षेप रास्त आहे. चटावलेल्या कुत्र्यावर काठीचा इलाज फारसा चालत नाही, कारण उशिरा बसलेल्या माराचा संबंध त्याला आपल्या करणीशी जोडता येत नाही. जुनी व्यवस्था निर्दोष नव्हती. पण कुत्रं लहान असतानाच काम करणारी होती, हे तिचं बळ.

ती मोडली सुधारित जातींनी. बंगळुरूची गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा वजनाने भारी, त्यामुळे उडून झाडावर बसण्यात कमी. शिवाय त्या क्वचितच खुडूक होतात. पिलं यंत्रात जन्मतात, आईविना वाढतात आणि पाच-सहा आठवड्यांची होऊन परसात येतात. २०१९च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी २०१२पेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून जवळपास ३१.७ कोटींवर गेले. पक्षी वाढले, पण यंत्रातल्या पिलांबरोबर राखण करणारी आई आली नाही. जाळीचं खुराडं हवंच, पण त्याचा उपयोग दार बंद असेपर्यंतच. म्हणून सुधारित पक्षी पाळणाऱ्यांनी दोन-तीन गावरान कोंबड्याही ठेवाव्यात, खुडूक झाल्या की वनराजाची फळलेली अंडी त्यांच्याखाली बसवावीत आणि घरचं कुत्रं लहान असतानाच त्यांच्या परसात वाढू द्यावं.