यकृत आणि अंजीर

यकृताला फ्रेंचमध्ये ‘फ्वा’ म्हणतात. संस्कृत ‘यकृत्’, ग्रीक ‘हेपार’ (हिपॅटायटिस हे नाव यावरूनच आले), फारसी ‘जिगर’ आणि लॅटिन ‘येकुर’ ही एकाच घराण्यातील भावंडे. फ्रेंच तर लॅटिनची थेट लेक. मग तिच्याकडचे ‘येकुर’ गेले कुठे?

फ्रेंचच्या बहिणींकडे चौकशी करू. इटालियनमध्ये ‘फेगातो’, पोर्तुगीजमध्ये ‘फीगादु’, रुमानियनमध्ये ‘फिकात’. स्पॅनिशमध्ये ‘ईगादो’, तेथे आरंभीचा ‘फ’ झिजून गेला. या सर्वांचे मूळ लॅटिन ‘फिकातुम’, आणि त्याच्या मुळाशी ‘फिकुस’ म्हणजे अंजीर! वड, पिंपळ, उंबर यांच्या ‘फायकस’ या प्रजातीचे नाव वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना आठवेलच.

अंजिराचा यकृताशी संबंध स्वयंपाकघरात जुळला. रोमन लोक हंसांना व डुकरांना अंजिरे चारून पुष्ट करीत. डुकरिणींच्या बाबतीत या युक्तीचे श्रेय इ. स. पहिल्या शतकातील प्लिनी हा लेखक आपिकियस नावाच्या खवय्याला देतो. गरजेपेक्षा जास्त साखर मिळाली की यकृत तिची चरबी बनवते. ती तेथेच साठत गेली की यकृत फुगते. अशा यकृताला ‘येकुर फिकातुम’, म्हणजे अंजिरावर पोसलेले यकृत, म्हणत. पुढे ‘मोबाइल फोन’मधला ‘फोन’ गळावा तसा ‘येकुर’ गळला आणि उरलेले विशेषण कोणत्याही यकृताचे नाव झाले. माणसाच्यासुद्धा! ग्रीकमध्येही असेच झाले: आजचा यकृतवाचक ‘सिकोती’ हा ‘सिको’ म्हणजे अंजीर यावरूनच आलेला आहे.

हा बदल केव्हा झाला असावा? जीवशास्त्रात आपण समान लक्षणांवरून समान पूर्वज ठरवतो, तोच न्याय येथे लावता येतो. पोर्तुगालपासून रुमानियापर्यंत एकच शब्द आढळतो, त्याअर्थी या भाषा विभक्त होण्यापूर्वीच बोलीभाषेतील लॅटिनमध्ये तो रुजला असला पाहिजे. गंमत म्हणजे रुमानियनमध्ये अंजिराचा शब्द स्लाव्ह भाषेतून उसना घेतलेला आहे. फळाचे जुने नाव गेले, ते यकृतात मात्र टिकून राहिले.

फ्रेंच वैद्यकाने विशेषण घेतले ते ग्रीकमधून, ‘एपातिक’. त्यामुळे अवयव खाटकाच्या भाषेत आणि त्याचा विकार पंडितांच्या भाषेत, अशी वाटणी झाली. आपल्याकडेही दुकानात ‘कलेजी’ मागतात, वर्गात ‘यकृत’ शिकवतात.

अर्थाच्या बाबतीत मात्र बहिणींचे एकमत नाही. इटालियन माणसापाशी ‘फेगातो’ आहे म्हणजे तो धाडसी, आपल्या ‘जिगर’सारखाच. फ्रेंच बोलीत एखाद्यापाशी ‘फ्वा’ आहेत असे अनेकवचनात म्हटले, तर तो घाबरलेला असतो.