कॅन्ससमधील धर्मसत्ता आणि बाईचा गर्भ
अमेरिकेतील कॅन्सस राज्याचा इतिहास आपण वाचलाच पाहिजे. विचिटात डॉ. जॉर्ज टिलर उशिराचे गर्भपात करीत. 1991 मध्ये धर्मवाद्यांनी दवाखान्यांना सहा आठवडे वेढा घातला; अडीच हजारांवर अटका झाल्या. 2008 मध्ये अशा गर्भपातांवरील निर्बंध कडक करणारे विधेयक गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी नाकारले, तेव्हा आर्चबिशप नॉमन यांनी त्यांना कम्युनियन घेऊ नका असे बजावले. म्हणजे लोकांनी निवडलेल्या बाईला जाब विचारणार धर्मगुरू! (बहिष्काराचे हे हत्यार आम्हाला नवे नाही.) मार्च 2009 मध्ये ज्युरीने टिलर यांना निर्दोष ठरवले. 31 मे रोजी चर्चमध्येच त्यांचा गोळ्या घालून खून झाला. पुढे 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढण्याचा प्रस्ताव याच कॅन्ससच्या मतदारांनी फेटाळला.