काजळी, डांबर आणि खाडीचा गाळ



लोकरीच्या कपड्यांच्या घडींत आपण ज्या पांढऱ्या गोळ्या ठेवतों, त्यांस मराठींत डांबराच्या गोळ्या म्हणतात. पांढऱ्याशुभ्र वस्तूस काळ्या डांबराचें नांव कां पडलें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं; पण नांव यथार्थ आहे. ह्या गोळीचें द्रव्य नॅप्थॅलिन होय, आणि तें रसायनशास्त्रज्ञांस प्रथम मिळालें दगडी कोळशाच्या डांबरांत. कर्ब व हायड्रोजन या दोनच मूलतत्त्वांपासून झालेले जे संयुक्त पदार्थ, त्यांना हायड्रोकार्बन म्हणतात. नॅप्थॅलिनच्या रेणूंत कर्बाचीं दोन कडीं एकमेकांस जोडलेलीं असतात. त्याच कुळांत पांच कड्यांचा बेंझोपायरीन नांवाचा एक पदार्थ आहे. त्याची ओळख माणसास १९३३ सालीं पटली. त्याचा प्रताप मात्र त्यापूर्वीं दीडशें वर्षें दिसत होता.

सन १७७५ मध्यें लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळीं तेथें घरोघरीं कोळसा जळे, आणि अरुंद धुराडीं साफ करण्यासाठीं लहान मुलांना आंत चढवीत. हीं मुलें वाढून कर्तीं झालीं म्हणजे त्यांपैकीं कित्येकांच्या वृषणकोशाच्या त्वचेवर एक व्रण उठे. वैद्य त्यास उपदंशाचा प्रकार समजून पारा देत. पॉट यांनीं सांगितलें कीं, हा उपदंश नव्हे, हा कर्करोग आहे, आणि त्याचें मूळ त्वचेच्या वळ्यांत साचून राहिलेल्या काजळींत आहे. पुढें १८७५ च्या सुमारास जर्मनींत फोल्कमान यांना डांबर व पॅराफिन यांच्या कारखान्यांतील कामगारांतहि तसाच त्वचेचा कर्करोग आढळला.

आतां संशय होता, सिद्धि नव्हती. ती जपानमध्यें झाली. टोकिओच्या विद्यापीठांत यामागिवा व इचिकावा या दोघांनीं सशांच्या कानांवर दर दोन-तीन दिवसांनीं डांबर लावण्याचा क्रम महिनोन्महिने चालविला. त्यांच्यापूर्वीं असे प्रयत्न केलेल्यांनीं लवकर हात टेकले होते. ह्या दोघांनीं टेकले नाहींत, आणि १९१५ मध्यें कृत्रिम रीतीनें उत्पन्न केलेला कर्करोग त्यांनीं जगास दाखविला. नोबेल पारितोषिक मात्र कृमींपासून कर्करोग होतो असें प्रतिपादणाऱ्या फिबिगर यांना मिळालें (१९२६ सालचें), आणि तो सिद्धान्त मागाहून टिकला नाहीं. अखेर लंडनमध्यें केनावे यांच्या प्रयोगशाळेनें बेक्टन येथील गॅसच्या कारखान्यांतून दोन टन पिच, म्हणजे डांबर उकळून उरणारा घट्ट काळा शेष, आणविला. त्याचें पृथक्करण करीत करीत कुक, ह्यूएट व हीगर यांनीं १९३३ सालीं त्यांतून बेंझोपायरीनचे पिवळे स्फटिक वेगळे केले. आरोपीचें नांव कळलें.

येथवरची कथा कातडीची आहे. धुराडें चढणारा पोर, भट्टीवरचा कामगार, ससा. ज्याच्या अंगास डांबर लागलें त्याचा विचार झाला. जें डांबर सांडून जमिनींत मुरलें, ओहोळानें वाहून खाडींत गेलें, त्याचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं. ह्या उपेक्षेचें मोल काय पडलें, हें कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सिडनी नगरानें दाखविलें. (ऑस्ट्रेलियांतील सिडनी निराळें.)

नोव्हा स्कोशिया प्रांतांतील केप ब्रेटन बेटावर कोळसा भरपूर, आणि जवळच्या न्यूफाउंडलंडमध्यें लोखंडाची खनिजें. तेव्हां बोस्टनचे धनिक हेन्री व्हिटनी यांनीं १८९९ सालीं तेथें पोलादाची कंपनी काढली. पोलादास कोक लागतो. हवा न लागूं देतां कोळसा तापविला म्हणजे कोक मागें उरतो, आणि गॅस व डांबर बाहेर पडतात. (मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं जे गॅसचे दिवे लागले, त्यांचा गॅसहि असाच काढलेला.) एका टनामागें तीस-चाळीस किलो डांबर निघतें. त्यांतील कांहीं विकलें जाई. कांहीं गळे, कांहीं सोडून दिलें जाई. कोक-भट्ट्यांजवळच्या ओहोळानें तें मुगा नांवाच्या भरती-ओहोटीच्या खाडींत जाऊन साचलें. भट्ट्या विसाव्या शतकाच्या आरंभीं पेटल्या, त्या १९८८ सालीं विझल्या. खाडीच्या तळाशीं सुमारें सात लाख टन दूषित गाळ तयार झाला.

१९३३ आणि १९८८ यांमध्यें पंचावन्न वर्षें आहेत. अज्ञानाची सबब पहिल्या तीस वर्षांस लागू पडेल. पुढच्या वर्षांस ती पडत नाहीं. परंतु सर्व दोष मालकांच्या माथीं मारून हें प्रकरण उलगडत नाहीं. १९६७ सालीं कंपनीनें कारखाना बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां हजारों नागरिक तो वांचविण्यासाठीं रस्त्यावर उतरले, आणि प्रांताच्या सरकारनें तो आपल्याकडे घेतला. धूर बंद म्हणजे चूल बंद, हें त्या गांवास ठाऊक होतें.

डांबर मातींत गेलें म्हणजे त्यांतील घटकांच्या वाटा फुटतात. बेंझीन हलकें, तें पाण्यांत विरघळून विहिरीपर्यंत जाऊं शकतें, आणि दीर्घकाळ पोटांत किंवा श्वासांत गेल्यास रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेस अपाय करतें. नॅप्थॅलिन हवेंत उडून जातें. बेंझोपायरीन मात्र पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तें मातीच्या कणांस चिकटून वर्षानुवर्षें तेथेंच राहतें. ज्यांचे हात मातींत आणि मातीचे हात तोंडांत, अशा लहान मुलांस त्याचा धोका सर्वांत अधिक. शरीरांत गेल्यावर यकृत त्यास बाहेर घालविण्यासाठीं त्याचें रूप बदलूं लागतें, आणि ह्या खटपटींतच असें एक रूप उत्पन्न होतें कीं जें पेशींतील आनुवंशिक द्रव्यास जाऊन चिकटतें. रक्षकाच्याच हातून घात व्हावा, तसा हा प्रकार आहे. मासे हीं द्रव्यें बरींचशीं पचवितात. शिंपल्या आणि शेवंडें यांच्या अंगीं ती शक्ति फार कमी.

आणि खाडीचें बिंग फुटलें तें शेवंडांनींच. १९८० च्या सुमारास सिडनी बंदरांतील शेवंडांत हीं द्रव्यें मोठ्या प्रमाणांत आढळलीं, आणि १९८२ मध्यें बंदराच्या दक्षिण भागांतील शेवंडांची मासेमारी बंद करण्यांत आली. गाळ उपसून जाळण्याचा पहिला बेत फसला. तो इतका चिकट कीं नळांतून भट्टीपर्यंत जाईना. १९९९ सालीं कोक-भट्ट्यांलगतच्या फ्रेडरिक स्ट्रीटवरील घरांच्या तळघरांत आर्सेनिक झिरपल्याचें दिसून तेथील रहिवाशांना हलवावें लागलें. इतरांनाहि हलवा, म्हणून २००१ सालीं एलिझाबेथ मे यांनीं ओटावा येथें पार्लमेंटपुढें उपोषण केलें.

सिडनींत कर्करोगाचें प्रमाण प्रांताच्या सरासरीहून अधिक, असें पाहण्यांतून निघालें खरें. पण त्यांत मातीचा वांटा किती, भट्टीच्या धुराचा किती आणि तंबाखूचा किती, हें आंकड्यांना वेगळें करतां आलें नाहीं. पॉट यांच्यापुढें एक धंदा आणि एकच व्रण होता. येथें एक अख्खें गांव होतें, ऐंशीं वर्षांचा धूर होता, आणि रोगहि तेच, जे इतरत्रहि होतात. पुरावा पुरा होईपर्यंत थांबावयाचें म्हटलें असतें, तर ती खाडी आजहि उघडीच असती.

अखेर २००४ सालीं केंद्र व प्रांत या दोन्ही सरकारांनीं चाळीस कोटी कॅनेडियन डॉलरांचा करार केला. गाळ बाहेर काढला नाहीं. जागच्या जागीं त्यांत सिमेंट कालवून त्याचा दगड केला, वर झांकण घातलें, आणि त्यावर माती पसरून गवत लावलें. २०१३ सालीं तेथें ओपन हार्थ नांवाचें उद्यान उघडलें. सात लाख टन डांबरी गाळ त्या हिरवळीखालीं सिमेंटांत बांधलेला आहे.