विहारयात्रा आणि धम्मयात्रा : सोपारा, कल्याण, लोनाड

जुने शहर पाहावयास जाणारा मनुष्य तेथे काय पाहतो, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तो वास्तू पाहतो, मूर्ती पाहतो, दोन घटका रमतो आणि परत येतो. परंतु त्या स्थळाचा इतिहास ज्या समाजापासून हिरावून घेतला गेला, त्या समाजाचा मनुष्य जेव्हा तेथे जातो, तेव्हा त्याचे पाहणे केवळ करमणूक राहत नाही. या पाहण्याचा विचार सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी केला होता आणि तो आपल्याच परिसरात दगडावर कोरवून ठेवला होता. प्रस्तुत लेखात आम्ही भिवंडी तालुक्यातील राहनाळ हे गाव मध्यबिंदू धरून सोपारा, कल्याण व लोनाड या स्थळांचा त्या दृष्टीने विचार करणार आहोत.

अशोकाचा आठवा शिलालेख

सोपाऱ्यास भाटेला तलावाजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एक शिलाखंड मिळाला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हे दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

अशोकाच्या चौदा लेखांपैकी नेमके हे दोन सोपाऱ्यास मिळावेत, हा केवळ योग आहे. पण आमच्या विषयासाठी तो फार मोलाचा आहे. आठव्या लेखाचा विषयच मुळी प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत, असे अशोक सांगतो. येथे 'विहार' म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान नव्हे, तर मौज. शिकार आणि तत्सम करमणुकीसाठी केलेली ती भटकंती होती. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेथून धम्मयात्रेचा प्रारंभ झाला. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना धनसाहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे व विचारपूस करणे, एवढ्या गोष्टी तिच्यात येतात. राजा प्रजेला दिसावा म्हणून नव्हे, तर राजाने प्रजेला पाहावे म्हणून ही यात्रा आहे, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे.

नवव्या लेखात अशोक मंगलविधींविषयी बोलतो. आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासास निघताना लोक नाना विधी करतात; त्यांचे फळ थोडे आहे. दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हेच खरे धम्ममंगल, असे तो म्हणतो. धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

सोपारा

पाली ग्रंथांतील सुप्पारक ते हेच बंदर. उदान या ग्रंथातील बाहिय दारुचीरिय सुप्पारकला राहत होता. सुनापरांतात धम्मप्रसारासाठी निघालेल्या पूर्ण स्थविरांची कथा मज्झिमनिकायात आली आहे आणि परंपरेने त्यांचा संबंध सोपाऱ्याशी जोडला आहे. तेथील लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे भगवंतांनी विचारले. शिव्या दिल्या तर मारले नाही म्हणून त्यांना चांगले म्हणेन, मारले तर जीव घेतला नाही म्हणून चांगले म्हणेन, अशा आशयाची पूर्णांची उत्तरे प्रसिद्ध आहेत. राहनाळच्या शेजारी पूर्णा नावाचे गाव आहे. नामसाम्यावरून इतिहास सिद्ध होत नाही. म्हणून त्या नावावरून आम्ही काही अनुमान काढीत नाही. आपला पक्ष बळकट करण्यासाठी कच्चा पुरावा वापरणे हे धम्माच्या अभ्यासकाला शोभत नाही.

एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी सोपाऱ्याचा मोठा उंचवटा उकरला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांबे, रुपे, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसविलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तेरा तुकडे होते. सभोवती मैत्रेय व सात मानुषी बुद्ध अशा आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही मिळाले. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील आहेत, नाणे मात्र सातवाहनांचे. यावरून स्तूप आधीचा असून आठव्या-नवव्या शतकातही तो पुन्हा श्रद्धेने उघडून त्याची पूजा करणारे बौद्ध सोपाऱ्यात होते, हे उघड होते. अपरांतातील धम्म सातवाहनांबरोबर संपला, ही समजूत येथे टिकत नाही.

या उंचवट्याला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. स्तूप हे नाव विसरले गेले, बुद्ध विसरला गेला; पण तेथे कोणी मोठा राजा होता, ही आठवण उरली, आणि तो राजा बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या श्रमिक जातीचा मानला गेला. ज्या समाजव्यवस्थेने बुरुडाला गावाच्या कडेला ठेवले, त्याच समाजाच्या लोकस्मृतीत बुरूड राजा नांदत होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कल्याण आणि लोनाड

कल्याणची स्थिती याहून वेगळी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख असून तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्याखाली भरुकच्छाकडे नेली जात, असे सांगितले आहे. सहाव्या शतकात कॉस्मासनेही या बंदराची नोंद केली. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते वारंवार भेटतात. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे. भिक्खुणींची दानेही कान्हेरीस आहेत. पाण्याची टाकी, लेणी, शेतीचे उत्पन्न अशी ती दाने आहेत. कान्हेरीच्याच लेखात कल्याणच्या अंबालिका विहाराचे नाव येते. आज कल्याणच्या दाट वस्तीत तो विहार दिसत नाही. नगराचा बौद्ध इतिहास नगरात उरला नाही, तो डोंगरातील दात्यांच्या लेखांत उरला. हाताने काम करणाऱ्यांनी आपली नावे दगडात कोरवून ठेवली नसती, तर तेवढाही उरला नसता.

भिवंडी तालुक्यातील लोनाडचे लेणे आमच्या सर्वांत जवळचे. ते आकाराने लहान असून विहारपद्धतीचे आहे. तेथील शिल्पपट्ट्यात अभ्यासकांनी जातककथा ओळखली आहे. आज त्या ठिकाणी खंडेश्वरी देवीची पूजा होते. याच गावच्या परिसरात शिलाहार राजांचे शिलालेखही मिळाले आहेत. म्हणजे एकाच गावात बौद्ध लेणे, शिलाहारांचा काळ आणि आजची लोकदेवता असे तीन थर एकावर एक आहेत. पूजा करणाऱ्या गावकऱ्यांशी भांडण न करता लेण्याचा मूळ इतिहास त्यांना समजावून सांगणे, हे अशोकाच्या लेखात आलेल्या 'विचारपूस' या शब्दाला धरून होईल.

नारा नगरीचा धडा

जपानच्या नारा नगरीशी तुलना केल्यावर हा विषय अधिक स्पष्ट होतो. नारा ७१० साली राजधानी झाली. तेथील तोदाइजी विहारातील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्खूंच्या हस्ते झाला. त्या विधीतील कुंचला शोसोइन भांडारात आजही जपून ठेवलेला आहे, आणि तेथील वस्तूंचे प्रदर्शन दर शरद ऋतूत भरते. आपल्याकडे मात्र संपूर्ण अंबालिका विहार हरवला.

परंतु जपानला हे सारे सहज लाभले, असे समजू नये. तोदाइजी ११८० व १५६७ साली जळाले. महाबुद्धाचे आजचे सभागृह १७०९ मध्ये पूर्ण झाले. १८६८ नंतर शासनाने शिंतो व बौद्ध स्थाने वेगळी करण्याची आज्ञा काढली, तेव्हा अनेक विहारांची धूळधाण झाली. त्यानंतर १८९७ साली जुन्या मंदिरांच्या रक्षणाचा कायदा आला. जानेवारी १९४९ मध्ये होर्युजी येथील प्राचीन भित्तिचित्रे आगीत होरपळली आणि पुढल्याच वर्षी सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. प्रत्येक हानीनंतर तेथील समाज जागा झाला, हा नाराचा खरा धडा आहे.

पाहण्याचा अधिकार

आपल्या समाजापुरता यात आणखी एक प्रश्न आहे. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून त्यांना अडविण्यात आले, अपशब्द ऐकावे लागले. आणि किल्ला पाहू दिला तो कोठेही पाण्याला स्पर्श करू नये म्हणून शस्त्रधारी शिपाई बरोबर देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. ऐतिहासिक स्थळ पाहणे ही इतरांची सहल असेल. आपल्यासाठी तो झगडून मिळविलेला अधिकार आहे. म्हणूनच लेण्याच्या भिंतीवर नावे खरडणे, स्तूपाच्या विटा हलविणे आणि छायाचित्र काढून परतणे ही त्या अधिकाराची अवहेलना होय.

राहनाळच्या आसपास आज गोदामांची रांग उभी आहे. जगभरचा माल येथे उतरतो आणि पुढे जातो. एके काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतही असाच माल उतरत असे. त्या व्यापारातून मिळालेल्या धनाचा एक वाटा कान्हेरीच्या पाण्याच्या टाक्यांसाठी गेला. आजच्या कष्टकऱ्याने आणि व्यावसायिकाने हे उदाहरण समोर ठेवावे. प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा तरी लोनाड, सोपारा व कान्हेरी या क्रमाने यात्रा काढावी. निघण्यापूर्वी आठव्या शिलालेखाचा अर्थ मुलांना समजावून द्यावा. धम्मलिपीची ओळख करून द्यावी. स्थळी गेल्यावर तेथील वृद्धांना भेटावे, गावाच्या आठवणी लिहून घ्याव्यात, आणि पडझड दिसल्यास पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. अशोकाने धम्मयात्रेत सांगितलेली दर्शन, दान, विचारपूस ही सारी अंगे त्यात येतात. या यात्रेपासून आपल्याला इतर कशाहूनही अधिक आनंद होतो, असा त्या लेखाचा समारोप आहे; तो आनंद सोपाऱ्याच्या वाटेवर आजही मिळू शकतो.