दाभोळ परिसरातील धोंडस : निखाऱ्यांवरचा घरगुती केक

वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने पंधराव्या शतकात येथूनच परतीचा प्रवास सुरू केला, तर डिसेंबर १५०८मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने हे शहर जाळले. बंदराचा इतिहास लिहिला गेला, मात्र तेथील स्वयंपाकघरांचा फारसा नाही, आणि ही उणीव खेदाची आहे.

मैदा आणि अंडी यांचा केक भारतात बेकऱ्यांमधून रुजला. केरळातील तलश्शेरी येथे १८८३मध्ये भारतीय बेकरीत नाताळचा केक तयार झाल्याचे मानले जाते. दाभोळसह कोकणातील घरांत मात्र बंद भट्टीशिवाय भाजला जाणारा एक पदार्थ रूढ आहे, तो म्हणजे धोंडस. पावसाळ्याच्या अखेरीस, गौरी-गणपतीच्या सुमारास, वेलीवर जून झालेले तवसे (मोठी काकडी) किसून, त्याच्या रसात तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलची घालून मिश्रण शिजवतात. मग ते तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात ओतून झाकणावर आणि खाली निखारे ठेवतात, ज्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखी आच लागून त्यावर खरपूस तपकिरी थर येतो. किसणे, खोबरे खवणे आणि आच राखणे ही कामे एकटीने उरकणे कठीण असल्याने शेजारीण किंवा मैत्रीण मदतीला असणे सोयीचे ठरते. आता निखाऱ्यांची जागा अनेक घरांत गॅस आणि विजेच्या ओव्हनने घेतली आहे.